मदत पाहिजे तर रिचार्ज बंद करा म्हणे!

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधला हिशोब तेवढा राहू द्या, तो करायला मला दोन रविवार लागलेत.

मी सोलापूरचा. एका शाळेत क्लार्क होतो, आता रिटायर. आमचं दहा-बारा जणांचं छोटं मंडळ आहे, पाटी नाही, ऑफिस नाही, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत महिन्यातून एकदा बसतो. पूर्व भागातल्या बावीस घरांना महिन्याला किराण्याचं किट देतो आणि जूनमध्ये पोरांच्या वह्या, जमली तर थोडी फी. बहुतेक घरं विडी वळणाऱ्या बायकांची, नाहीतर टॉवेल-चादरीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची.

तर मागच्या बैठकीत आमच्या खजिनदारांनी विषय काढला. माणूस चांगला आहे, बँकेतून रिटायर झालेला, मंडळाचा खड्डा दर वर्षी स्वतःच्या खिशातून भरतो आणि त्याची वाच्यता करत नाही. त्यांनी म्हणे किट वाटताना बघितलं, एका बाईनं पिशवी खाली ठेवली आणि कमरेचा मोबाईल काढला तर तो ह्यांच्या मोबाईलपेक्षा मोठा. ते म्हणाले, आपण इकडं तूरडाळ द्यायची आणि यांनी तिकडं तीनशे-साडेतीनशेचा रिचार्ज मारायचा, तोही घरात चार-चार, मग आपण नक्की डाळ देतोय का रिचार्ज देतोय? म्हणून फॉर्ममध्ये एक कॉलम वाढवायचा, घरात मोबाईल किती, रिचार्ज किती, आणि एका घरात एकापेक्षा जास्त नेटपॅक असेल तर किट बंद. लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात, रेशनचं धान्य फुकट मिळतं, आणि आता डाळही फुकट, मग पैसे जातात कुठं तर मोबाईलमध्ये, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

क्लार्क म्हटलं की फॉर्म भरायचं काम आपल्याच गळ्यात. पहिलंच घर अक्काचं. तिचं खरं नाव नको, सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणतो, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असली तरी.

मी गेलो तेव्हा अक्का उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, कापलेली पानं, दोऱ्याचं रीळ. बोटं आपोआप चालत होती, पान घ्यायचं, चिमूट टाकायची, गुंडाळायचं, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा, नजर तिकडं नाहीच. नजर समोर, स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर, त्यात कुठलीतरी तेलुगू सिरीयल लागलेली. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हेच की खजिनदारांचं बरोबर आहे.

हिशोब आम्ही कालनिर्णयवर केला. त्यांच्याकडं रिचार्जच्या तारखांना गोल केलेले असतात, चौघांचे चार प्रकारचे गोल, पोरगीचा लाल, पोराचा दोन गोलांचा, असं. कॅलेंडर बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की २८ दिवस म्हणजे काय भानगड आहे. ४ ऑगस्टला मारलेला रिचार्ज १ सप्टेंबरला संपतो, तो मारला की २९ सप्टेंबरला परत, मग २७ ऑक्टोबर. सप्टेंबरात एकाच माणसाचे दोन रिचार्ज. पगार वर्षातून बारा वेळा आणि रिचार्ज तेरा वेळा. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं होतं की निदान एक तरी प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा ठेवा, ते प्लॅन असतीलही, पण गल्लीतल्या दुकानाच्या काचेवर जो कागद चिकटवलाय त्यावर सगळे २८ चेच.

आता आकडे. हे २०२५ च्या दिवाळीच्या वेळचे दर आहेत, मी तेव्हाच लिहून ठेवले. अक्का २९९. नवरा २९९. पोरगी अकरावीत, तिचा २९९. पोरगा ॲपवरून जेवण पोचवायचं काम करतो, त्याला दिवसाला दोन जीबी लागतं म्हणून ३४९. सासूबाईंकडं बटणांचा फोन आहे, त्याला रिचार्जच नाही, त्याची गोष्ट पुढं सांगतो. चौघांचे मिळून १,२४६ रुपये, २८ दिवसांचे. गुणिले १३. वर्षाचे १६,१९८ रुपये!

लाडकी बहीणचे वर्षाचे होतात १८,०००. म्हणजे दीड हजारातले जवळजवळ साडेतेराशे महिन्याला मोबाईलमध्ये. मी आकडा लिहिला आणि अक्काकडं बघितलं. तिनं पहिल्यांदा बोटं थांबवली. म्हणाली, "एवढे नसतील ओ सर, परत मांडा." परत मांडलं. तेवढेच आले.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की खजिनदार जिंकले. मलाही वाटलं. मी म्हटलं अक्का, मग बंद करा की दोन-तीन. त्यावर तिनं मला जे सांगितलं ते ऐका.

त्यांनी एकदा बंद करून बघितलाय. २०२४ च्या जुलैमध्ये जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया तिघांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, आपल्याला आठवत असेल, लोक बीएसएनएलकडं पळत होते कारण त्यांनी वाढवले नव्हते. तेव्हा घरात ठरलं की नवऱ्याचा मोबाईल बंद करायचा. तसंही कारखान्यात मागाच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, कोणाला काम असलं तर मुकादमाच्या नंबरवर निरोप. चांगलं वर्षभर चाललं. पैसे वाचले. खजिनदार बघायला असते तर पाठ थोपटली असती.

मग २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी आली, म्हणजे ओळख पटवायची ऑनलाईन तपासणी. बाईचा आधार नंबर टाकायचा, ओटीपी येणार, तो टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकायचा, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकायचा. अक्काचं झालं, नवऱ्याचा ओटीपी काही येईना. दिवसभर साईट गोल फिरायची म्हणून रात्री बाराला बसायचे, पोरगी शेजारी मोबाईल घेऊन, तरी येईना. येणार कुठून, आधारला जो नंबर जोडलाय तो नंबरच राहिला नव्हता. नव्वद दिवस वापरला नाही की कंपनी नंबर काढून घेऊ शकते आणि पुढं काही दिवसांनी दुसऱ्याला देऊ शकते, हे यांना कोण सांगणार. पोरीनं शेवटी त्या नंबरला फोन लावला तर कोणीतरी हिंदीत हॅलो म्हणालं आणि मागं ट्रकचा हॉर्न. म्हणजे अक्काच्या नवऱ्याच्या आधारचे ओटीपी त्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर जात होते, आणि बँकेचे मेसेज पण तिकडंच जात असतील तर देव जाणे.

मग काय, नवीन सिम, आधार सेंटरची लाईन, मोबाईल नंबर बदलायची फी ७५ रुपये (सप्टेंबरअखेरपर्यंत ५० होती, हे गेले आणि वाढली), पहिल्या दिवशी टोकन संपलं, दुसऱ्या दिवशी झालं, म्हणजे कारखान्यात दोन खाडे. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा नाही, एवढंच नाही, सलग दोन झाले की माग दुसऱ्याला देतात. आणि एवढं करून नंबर जोडला गेला का ते कळायला परत काही दिवस, तोपर्यंत घरात सगळ्यांचा जीव टांगणीला की हप्ता बंद पडतो का काय.

मी तिथं बसल्या बसल्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहीत गेलो की या घरात ओटीपी कशाकशाला लागतो. गॅस सिलेंडर आला की पोऱ्या दारात उभा राहून कोड विचारतो, कोड नाही तर सिलेंडर परत. पोरगीचं अकरावीचं ॲडमिशन, २०२५ पासून ते आख्ख्या राज्यात ऑनलाईन झालं, आधी फक्त मोठ्या शहरांत होतं, आपल्याकडं कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा विषय संपला, कुठल्या फेरीत कुठलं कॉलेज लागलं ते मोबाईलवर. स्कॉलरशिप महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या साईटवर, तिथं परत आधार, परत ओटीपी. बँकेत पैसे आले का ते मेसेजवर. पोराला तर कामच मोबाईलवर मिळतं, ॲप बंद म्हणजे त्या दिवशी बेकार. मी शाळेत असताना आम्ही पालकांना वहीत सूचना लिहून द्यायचो, आता शाळा ग्रुपवर टाकून मोकळी होते आणि कोणी वाचलं नाही तर म्हणते ग्रुपवर टाकलं होतं.

म्हणजे सरकारनं सगळी दारं मोबाईलच्या आत नेऊन ठेवली आणि आम्ही मंडळवाले सांगतोय मोबाईल ठेवून या. दोघांचं एकदम कसं ऐकायचं त्या बाईनं?

आणि एक गंमत सांगतो, ही मला हिशोब करताना लक्षात आली. रिचार्जच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. १६,१९८ मधला जीएसटी काढा, साधारण २,४७० रुपये होतो. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. म्हणजे लाडक्या बहिणीला दिलेल्या दीड हजारातले दोनशेच्या वर महिन्याला मोबाईलच्या दुकानातून परत सरकारकडंच जातात. फुकट फुकट म्हणून जे ओरडतात त्यांनी हा आकडा जरा डोळ्यासमोर ठेवावा.

आता सासूबाईंच्या फोनची गोष्ट. त्यांचं सिम 'लाइफटाइम'चं आहे. २००६ च्या आसपास ९९९ रुपयांत लाइफटाइम इनकमिंग म्हणून कंपन्यांनी विकलं होतं ते. माझ्याकडंही होतं. मग २०१८ च्या शेवटी चालू झालं की इनकमिंग चालू ठेवायला पण २८ दिवसाला ३५ रुपये मारा, मग ते वाढत वाढत दीडशेच्या पुढं गेलं. म्हातारी अजून तो फोन उशाशी चार्ज करून ठेवते. कोणी करत नाही, येत नाही, पण बॅटरीची कांडी फुल्ल पाहिजे. तिच्या मुलीनं सोलापूरला यायच्या आधी तो फोन घेऊन दिला होता म्हणे, मुलगी आता नाही. त्यावर मी काही बोललो नाही.

मग उधळपट्टी नाहीच का? आहे की. मी काही डोळे मिटून आलेलो नाही. पोराचा मोबाईल अठरा हजाराचा, फायनान्सवर, हप्ता चालू, हप्ता चुकला तर मोबाईल लॉक होतो असं तो स्वतः सांगतो आणि वर हसतो. कामाला आठ हजाराचा पण चालला असता. रात्री साडेअकराला दोन जीबी संपतं आणि मग १९-२२ रुपयांचं डेटा व्हाउचर, ते कालनिर्णयवर नाही लिहिलेलं, ते मी खोदून विचारल्यावर निघालं, महिन्याला चार-पाच वेळा. हे जेवण पोचवायला लागत नाही साहेब, हे रील्सला लागतं. त्याला मी तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काका, दिवसभर दुसऱ्याचं गरम जेवण पाठीवर घेऊन फिरतो, रात्री एक तास तरी माझा." मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही.

आणि अक्काची सिरीयल? ती मी माझ्यापुरती माफ केली. हजार विड्या वळायच्या तर कानाला काहीतरी लागतं की ओ. माझी आई गिरणीच्या चाळीत गोधड्या शिवायची तेव्हा रेडिओ लावायची, तिला कोणी म्हटलं नाही की आधी रेडिओ विक.

नाही, म्हटलं होतं. चुकलो. रेडिओ नाही, केबल. वडिलांची गिरणी बंद पडली नव्वदच्या दशकात, तेव्हा आमचे एक काका महिन्याला थोडे पैसे पाठवायचे. एकदा घरी आले आणि टीव्हीमागची वायर बघून म्हणाले, केबल चालू आहे होय. त्याच दिवशी वडिलांनी केबल काढायला सांगितली. काकांचे पैसे त्यानंतर तीन महिनेच आले, त्यांच्याही घरी अडचण होती, राग नाही. पण केबल काही परत लागली नाही दोन वर्षं, माझ्या बहिणी शेजारच्यांच्या दारात उभ्या राहून टीव्ही बघायच्या, आणि शेजारीण कधी कधी दार लावून घ्यायची. वडील शेवटपर्यंत त्या काकांशी मोकळं बोलले नाहीत. खजिनदारांच्या कॉलमचं नाव ऐकल्यावर मला ते आठवायला पाहिजे होतं, तेव्हा नाही आठवलं, अक्काच्या उंबऱ्यावर आठवलं.

हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सांगत होतो तर तो म्हणाला मामा, इकडं २०१७ मध्ये जेसन शॅफेट्झ नावाच्या एका खासदारानं टीव्हीवर सांगितलं होतं की लोकांनी नवीन आयफोनवर पैसे घालण्यापेक्षा आपल्या आरोग्यावर घालावेत, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, कारण तिकडचं दवाखान्याचं बिल आणि आयफोनची किंमत यांची तुलनाच होत नाही. आणि तिथंच गंमत म्हणजे गरीब घराला टेलिफोनच्या बिलात सूट द्यायची योजना १९८५ पासून चालू आहे, लाइफलाइन म्हणतात तिला, महिन्याला सव्वानऊ डॉलर. फोन ही गरज आहे हे सरकारनं मान्य करून चाळीस वर्षं झाली तरी लोकांची कुरकुर चालूच आहे, असं तो म्हणाला.

बरं, मग खरंच वाचवायचं म्हटलं तर किती वाचतं? हे मी दुसऱ्या रविवारी काढलं.

२०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं एक चांगलं काम केलं. कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचा पॅक ठेवाच. जानेवारीत ते आले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ रुपये, एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९. आधी जरा जास्त ठेवले होते, मग ट्राय तपासणार म्हटल्यावर थोडे खाली आणले. आता बघा, २९९ चा पॅक ८४ दिवसांत तीनदा मारायला लागतो म्हणजे ८९७. त्याच ८४ दिवसांचे ४४८. बरोबर निम्मे! नवऱ्याला नेट लागत नाही, त्याला नंबर जिवंत पाहिजे, ओटीपी यायला पाहिजे, कॉल यायला पाहिजे. त्याचे वर्षाला एकोणीसशेच्या वर वाचतात.

आणि हा पॅक कोणाला माहीत आहे? मी बावीसपैकी अकरा घरी विचारलं, एकालाही नाही. दुकानाच्या काचेवर नाही. मी दुकानदाराला विचारलं तर त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, तो कोणी मागतच नाही." अहो पण माहीत असल्याशिवाय मागणार कसं? शेवटी त्यानं मोबाईलमध्ये बरंच खाली खाली सरकवत जाऊन शोधून काढला, असतो म्हणाला, आहे म्हणाला, स्वतःच जरा चकित झाला.

दुसरं, पोराचा. ३४९ तेरा वेळा म्हणजे ४,५३७. पण वर्षाचा एकदम पॅक ३,५९९ ला मिळतो आणि त्यात रोज दोन जीबी किंवा त्याहून जास्त, जशी कंपनी. म्हणजे ज्याच्याकडं एकदम साडेतीन हजार आहेत त्याला ते स्वस्त पडतं आणि ज्याच्याकडं नाहीत तो त्याच मालाला वर्षाला ९३८ रुपये जास्त मोजतो. खजिनदारांचा स्वतःचा वर्षाचा पॅक आहे, माझाही आहे, वर घरी वायफाय. आमचा रिचार्ज कोणाला दिसत नाही कारण तो एकदा बँकेतून जातो आणि विषय संपतो. अक्काचा तेरा वेळा दुकानात जाऊन, सुट्टे मोजून, सगळ्या गल्लीदेखत होतो. तेल सुट्टं घेणाऱ्याला जसं महाग पडतं तसंच आहे हे, पण तेलाला कोणी म्हणत नाही की तेल बंद करा.

दोन्ही मिळून वर्षाला पावणेतीन हजारांच्या थोडं वर, म्हणजे महिन्याला २४० रुपये. नेटपॅक पोराचा राहिला, पोरगीचा राहिला, अक्काचाही राहिला. खजिनदारांच्या डोक्यात साडेतेराशे वाचतील असं होतं, खरे वाचतात ते दोनशे चाळीस. कमी नाहीत, त्यांच्या घरात तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. पण ते वाचवायला अट घालायची गरज नव्हती, कोणीतरी पेन घेऊन शेजारी बसायची होती. आणि पोराच्या ३,५९९ साठी कोणीतरी एकदम पैसे भरायची.

हे मी बैठकीत मांडलं. म्हटलं मंडळ वर्षाचा पॅक भरेल, पोरगा महिन्याला तीनशे-तीनशे परत करेल, आपल्याला तोटा एक रुपयाचा नाही. खजिनदार म्हणाले, बुडवला तर? मी म्हटलं बुडवला तर माझ्याकडून घ्या. मग म्हणाले बघू. कॉलम अजून फॉर्मवर आहे, फक्त 'किट बंद' हे वाक्य पेन्सिलनं खोडलंय, पेनानं नाही. पुढच्या महिन्यात परत विषय निघणार आहे. एक वहिनी म्हणाल्या की अहो, मोबाईल विचारायचाच तर दारूचा कॉलम पण टाका, तेव्हा सगळे हसले आणि चहा आला.

अक्काच्या नवऱ्याचा ४४८ चा पॅक मी स्वतः उभा राहून मारून घेतला. आणखी सहा घरांत तसंच केलं. दोघांनी नको म्हटलं, एकाला मोबाईलवर क्रिकेट बघायला लागतं आणि एकीचा मुलगा पुण्यात आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय तिला झोप येत नाही. त्यांचं मी तिथंच सोडून दिलं. किट दोघांचंही चालू आहे.

आता साहेब, हे पत्र लिहायचं खरं कारण. आपल्या पेपरात रोज सोन्याचा भाव येतो, मार्केट यार्डातल्या कांद्याचा भाव येतो, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सरासरी किती, सगळं. त्याच्याच खाली दोन ओळी द्या. फक्त कॉलचा ८४ दिवसांचा पॅक कितीला, वर्षाचा कितीला, ३० दिवसांचा कुठला, कंपनीवार, महिन्यातून एकदा दिलं तरी चालेल. दर बदलले की ते पण. टाईप बारीक ठेवू नका, बायका विडी वळता वळता वाचतात, नाहीतर पोरीला वाचायला सांगतात. पहिल्या महिन्याचं तुम्हाला जमत नसेल तर मी लिहून आणून देतो, दुकानदार आता मला ओळखतो.

आपला,
एक रिटायर क्लार्क, सोलापूर